वाळूची पोती पालुपदाला उठत नाहीत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
इमारत सुरक्षा विभाग,
जुनी इमारत, दुसरा मजला, पाण्याच्या टाकीमागील खोली.

विषय : प्रवचन सभागृहाच्या गॅलरीची, भार पुन्हा पुन्हा घालून व काढून, चाचणी घेणेबाबत, आणि ती होईपर्यंत गॅलरी बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन पत्रे (गॅलरी वापरास योग्य असल्याचे, काच अनधिकृत असल्याचे, तालात न उठण्याबाबतचे) व कालची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हा सदर सभागृहाचा सचिव असून निवृत्तीपूर्वी काँक्रीट चाचणी प्रयोगशाळेचा प्रमुख होता. मागच्या अर्जांत हे लिहिले नव्हते, म्हणून आपल्या कार्यालयाने त्याला "एक भाविक" म्हणून वाटेला लावले. अर्जदार भाविक आहेच. पण भाविकाला भेग दिसत नाही, असे आपल्याला कोणी सांगितले?

२. सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी प्रवचन होते. ते नुसते बोलून नव्हे, गाऊन सांगितले जाते. कथा सांगता सांगता प्रवचनकार बाई पालुपदावर येतात आणि सगळी सभा उभी राहते, टाळ्या वाजवते, पायाने ठेका धरते. पालुपद संपले की सगळे एकदम बसतात. कथा रंगात आली की हे उठणे-बसणे मोजत कोणी बसत नाही. अर्जदाराची पत्नी गेली त्या आठवड्यातही तो तिथे जाऊन उभा राहिला होता, आणि त्या रात्री त्याला घास गिळवला. हे आपल्या कामाचे नाही, तरी लिहिले आहे. कारण ज्याला आपण आपल्या पत्रात "गर्दीची हालचाल" म्हणता, ते काय आहे हे एकदा तरी फाइलला लागावे.

३. जुनी लाकडी गॅलरी काढून तिथे नवी बांधली, ती सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीटची. भिंतीपाशी सळ्यांची दाटी इतकी होती की काँक्रीट बसवायला व्हायब्रेटरची सुई आत शिरेना. हे काँक्रीट पातळ मधासारखे वाहते आणि न ठोकता कानाकोपऱ्यात आपोआप बसते. निवड योग्य होती, कामही चोख झाले. अर्जदाराची तक्रार काँक्रीटविरुद्ध नाही. ती आपल्याविरुद्ध आहे.

४. आपण गॅलरीवर वाळूची पोती रचली, ती एक दिवस तशीच ठेवली, मग काढली. गॅलरी किंचित वाकली होती, ती पुष्कळशी परत वर आली, आणि आपण सही केली. वाळूचे पोते एकदा ठेवले की पडून राहते, महोदय. पालुपद आले म्हणून ते उठत नाही, आणि शेजारचे पोते उठले म्हणून आपणही उठत नाही. अर्जदाराने आयुष्यभर तुळया दमवण्याचे काम केले. एकदा ठेवलेला भार तुळई हसत पेलते. त्याहून हलका भार घाल-काढ, घाल-काढ केला की तिच्या आत केसाएवढ्या भेगा सरकू लागतात आणि दर वेळी थोडासा वाक मागे राहून जातो. शिवाय या काँक्रीटमध्ये खडी कमी आणि सिमेंटचा लगदा जास्त, त्यामुळे भेगेच्या दोन्ही कडांची एकमेकींवरची पकड कमी पडू शकते. ते साध्या काँक्रीटपेक्षा वाईटच, असे अर्जदार म्हणत नाही. एकाच घाण्यातल्या दोन तुळयांपैकी एक अकाली गेलेली आणि दुसरी कंटाळा येईपर्यंत टिकलेली त्याने पाहिली आहे. आपली गॅलरी त्यातली कोणती, हे त्याला ठाऊक नाही. आपल्यालाही नाही. फरक इतकाच, की आपण सही केली आहे.

५. गॅलरीच्या सतरंजीखाली, भिंतीलगत, लांबच लांब भेग आहे. अर्जदाराने तिच्यावर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवली. भेग हलली तर काच तडकते, ही साधी युक्ती. पुढच्याच प्रवचनात ती तडकली. आपले उत्तर आले : "सदर काच कार्यालयाच्या मान्यतेशिवाय बसवलेली असल्याने तिचे तडकणे ग्राह्य धरता येत नाही." हे पत्र अर्जदाराने समितीत वाचून दाखवले. खजिनदार म्हणाले, "पुन्हा वाचा हो, मला वाटलं तुम्ही गंमत करताय."

६. प्रवचन चालू असताना येऊन पाहा, अशी विनंती केली. आपले कनिष्ठ अभियंता म्हणाले, कार्यालयीन वेळेनंतर येता येणार नाही. म्हणून प्रवचनकार बाईंनी केवळ त्यांच्यासाठी बुधवारी भर दुपारी प्रवचन केले. ते आले. खाली दारापाशी उभे राहिले. पहिल्या पालुपदाला त्यांनी फाइल काखेत धरली, दुसऱ्याला डोळे मिटले, तिसऱ्याला त्यांचा पाय ठेका धरू लागला. त्या मुलावर अर्जदाराचा राग नाही; उलट त्या दिवशी तो त्याला फार आवडला. परंतु त्याने अहवालात "लक्षणीय कंप जाणवला नाही" असे लिहिले आहे. स्वतःच कंप पावत असलेल्या माणसाला तो कसा जाणवणार?

७. त्यावर आपला तोडगा असा, की भाविकांनी गॅलरीत तालात उठू नये, मागेपुढे उठावे. ही पाटी अर्जदाराने आपल्या आदेशानुसार लावली. भाजीवाले काका तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "म्हणजे बायको उठली की मी बसायचं का? घरी तेच चाललंय." सगळे हसले, आणि पालुपद आल्यावर सगळे एकदम उठले. ताल ही माणसांना वेगवेगळे राहू न देणारी गोष्ट आहे, महोदय. ती पाटी लावून थांबत नाही.

८. अखेरीस अर्जदाराने गॅलरीच्या जिन्याला स्वतःचे कुलूप घातले. लोक खाली दाटीवाटीने बसले, कोणी हू की चू केले नाही. फक्त एक वृद्ध बाई जिन्यापाशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वरून प्रवचनकार बाईंचे हात दिसतात, म्हणून त्या नेहमी गॅलरीच्या पुढच्या रांगेत, कठड्याशी बसतात. पालुपदाला सगळ्यांत आधी उठणाऱ्याही त्याच. "भाऊ, कुलूप काढा," त्या म्हणाल्या. अर्जदाराने त्यांना वर नेऊन सतरंजी उचलली आणि भेग दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढंच? माझ्या टाचा बघा." मग त्यांचा आवाज बदलला. "माझ्या लेकानं पास केलीय ही गॅलरी. तो लहानपणी शाळेत निघाला की दप्तर दोनदा तपासायचा. त्यानं सही केली म्हणजे त्यानं बघितलेलंच असणार. तुम्ही त्याला खोटं पाडू नका, भाऊ."

त्या आपल्या मातोश्री आहेत, हे अर्जदाराला तेव्हा कळले.

९. काल आपली नोटीस आली : शनिवारपूर्वी कुलूप काढावे, अन्यथा सभागृह सील करण्यात येईल. कोणाच्या सांगण्यावरून आली, हे विचारायची गरज उरली नाही. सभागृह सील झाले तर प्रवचन थांबेल, आणि अर्जदाराला शनिवारी संध्याकाळी जायला दुसरी जागा नाही. तरीही कुलूप तसेच आहे.

१०. आपल्याविषयी अर्जदाराच्या मनात आदर उरलेला नाही, हे तो लपवत नाही. चाचणी घ्या, भार घाल-काढ करून घ्या, गॅलरी टिकली तर अर्जदार सर्वांसमोर आपली माफी मागेल आणि ती मागताना त्याला आनंदच होईल. तेवढा वेळ नसेल तर निदान घरी सांगा, "आई, या शनिवारी खाली बस." अर्जदाराचे त्या ऐकत नाहीत. आपले ऐकतील.

तेही नको असेल, तर कुलपाची किल्ली सोबत जोडली आहे. दुसरी किल्ली नाही. शनिवारी मातोश्री जिन्यापाशी उभ्या असतील. आपण स्वतः यावे आणि त्यांच्यासमोर आपल्या हाताने कुलूप काढावे. अर्जदार आडवा येणार नाही. मग मात्र वर जाऊन त्यांच्या शेजारी, कठड्याशी बसावे. आणि पालुपद आले की त्यांच्याबरोबर उठावे.

इलाज नाही म्हणून आपला नम्र,

(सही)
सचिव, प्रवचन सभागृह
दिनांक : ११ मार्च, गुरुवार

सोबत : किल्ली, एक.