उरलेल्या सहा पेशी

अप्पा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य मनात जुळवून घेतो, कारण एक चूक सापडली की तुम्ही पुढचं ऐकत नसत. म्हणून पहिल्यांदा कागदावर आहे तेवढंच सांगतो. तुमच्या हाडांतल्या मज्जेचा अहवाल समोर ठेवला आहे. मद्रासहून आलेला, टंकलिखित, दोन पानी. एकूण वीस पेशी तपासल्या. त्यांतल्या चौदा पेशींत पाचव्या जोडीतल्या एका गुणसूत्राच्या लांब हाताचा मधला तुकडा गळालेला. सहा पेशी निर्दोष. एवढंच आहे. बाकी सगळं मी माझ्या पदरचं घातलं.

तुम्ही शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंत. पेठेतले निम्मे भांडीवाले अजून तुमचं नाव निघालं की उभे राहतात. आणि तुमचा मुलगा अकरावीला दोनदा नापास. "अर्धं वाचतो आणि सगळं सांगतो," असं तुम्ही माझ्याबद्दल म्हणायचात, पंगतीत, केळीच्या पानावर भात वाढला जात असताना, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो तेव्हा तुम्ही मला इंग्रजीचा शब्दकोश दिलात. पहिल्या पानावर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतंत, 'परीक्षेत न बसणाऱ्या विद्यार्थ्यास'. त्याच शब्दकोशाच्या आधारानं मी रक्तावरची जाडजूड पुस्तकं वाचली, एका ओळीला चार-चार शब्द शोधत. सहा वर्षांत बाटल्या सुटल्या आणि सूक्ष्मदर्शक हाती आला. मी शंभर पेशी मोजल्या की डॉक्टर त्या पुन्हा मोजत नसत. स्वामीमलैपासून पापनाशम्पर्यंतच्या दवाखान्यांतून काचा यायच्या त्या माझ्या डोळ्यांसाठी. हे घरी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तुम्हाला देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली म्हणून तुम्ही एका मंगळवारी प्रयोगशाळेत आलात. मी बोटाला सुई टोचली. "हात कापतो तुझा," तुम्ही म्हणालात. कापत नव्हता. काच रंगवली, तेलाचा थेंब टाकला, आणि पहिल्याच जागी त्या दिसल्या, मोठ्या, फिकट, अर्धवट वाढलेल्या पेशी, ज्यांनी रक्तात येताच कामा नये. मी तीनदा मोजलं. शंभरात एकोणीस, एकवीस, वीस. मी तुमच्या मरणाकडे बघतो आहे हे मला कळलं. आणि तुम्हाला माहीत नाही असं काहीतरी आज पहिल्यांदाच मला माहीत आहे, हेही कळलं. यातलं आधी काय कळलं, ते मी सांगत नाही.

मज्जा मद्रासला पाठवली. तिथं पेशी वाढवतात, फुटण्याच्या क्षणाला थोपवतात, फोटो काढतात आणि त्यातली गुणसूत्रं कात्रीनं कापून जोडीजोडीनं चिकटवतात. अहवाल आला तो शनिवारी. डॉक्टर एका लग्नासाठी तिरुच्चीला गेले होते. जाताना म्हणाले होते, "अय्या, पाकीट आलं तर राहू दे. मंगळवारी आपण दोघं मिळून वाचू." मी फोडलं आणि घरी आणलं.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसला आहात. धाकटी बहीण कॉफी गाळते आहे. तिचं लग्न पोंगलच्या तै महिन्यात ठरलेलं, तुमच्या बहिणीच्या, अत्तेच्या मुलाशी. आपल्याकडे अत्तेचा मुलगा म्हणजे हक्काचा, तमिळांत राहून तीनशे वर्षांत अंगवळणी पडलेली रीत. ती सहा वर्षांची असल्यापासून तो तिला "काय गं, भात लावायला शिकलीस का" म्हणून चिडवायचा, आणि ती त्याच्या कॉफीच्या टंबळरात मुद्दाम साखर कमी घालायची.

"हे आलं कुठून?" तुम्ही विचारलंत.

"गुणसूत्रं आईबापाकडून येतात. आजोबांकडून तुमच्यात आलं असणार."

"मग तुझ्यात?"

"असू शकतं."

"हिच्यात?"

"असू शकतं."

तुम्ही हात पुढे केलात. चष्मा लावून दोन्ही पानं वाचलीत, मग ओळीखाली नख ठेवलंत. "विसांतल्या चौदांत, असं लिहिलं आहे. मग उरलेल्या सहांचं काय? वडिलार्जित असेल तर विसांच्या विसांत हवं."

"हे गणित नव्हे, अप्पा. त्या सहा अजून बिघडायच्या आहेत."

"असं कुठं लिहिलं आहे?"

"लिहावं लागत नाही. ज्याला कळतं त्याला कळतं."

तुम्ही कागद मांडीवर ठेवलात. जन्मात पहिल्यांदा तुमच्याकडे पुढचा प्रश्न नव्हता, आणि मला ते फार गोड लागलं.

सोमवारी तुम्ही पापनाशम्ला निरोप धाडलात. अत्ते दुपारच्या बसनं आली, पदरात वेलची केळी घेऊन. सगळं ऐकून घेतलं आणि तुम्हालाच म्हणाली, "दादा, तुझं रक्त ते माझं रक्त. तुझ्यात आहे तर माझ्या पोरातही असेल. दोघं एकाच वाणाची, मग अडतं कुठं? मी काय तिला परक्याच्या घरी पाठवते आहे?"

मी तिला अडतं कुठं ते समजावलं. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला आजोबा काढले, त्यांच्याखाली तुम्ही आणि अत्ते, त्याखाली ती दोघं, आणि सगळ्यात खाली त्यांची न झालेली मुलं, चार गोल. दोन्हीकडून तोच दोष आला की काय होतं ते सांगून मी त्यांतले तीन गोल काळे केले. पेन्सिलीला टोक करून घेतलं होतं. अत्ते त्या तीन गोलांकडे बघत राहिली. धाकटी तिला कॉफी द्यायला आली, तिनंही बघितलं.

"पुरे," तुम्ही म्हणालात. "तू मुलासाठी दुसरीकडे बघ. मी बाप म्हणून सांगतो."

मंगळवारी डॉक्टरांनी अहवाल वाचला. "हे मद्रासवाल्यांचं शास्त्र," एवढंच म्हणाले. घरी काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी तंजावरला गेलो. एका ग्रंथालयातल्या शिपायाच्या ओळखीनं आत बसायला मिळालं. शोधत होतो तुमचे किती दिवस राहिले ते, आणि सापडलं ते वेगळंच. हा तुकडा जन्मतः गळालेला नसतो. उतारवयात कधीतरी मज्जेतल्या एकाच पेशीत तो गळतो, त्या पेशीची पिल्लं होतात, पिल्लांची पिल्लं होतात आणि ती चांगल्या पेशींची जागा बळकावतात. बापाकडून येत नाही, मुलाकडे जात नाही. आणि ओळखायचं कसं, तर त्याच माणसाच्या मज्जेत चांगल्या पेशीही सापडतात. त्या सहा. वारसा असता तर त्या सहा नसत्याच. तुम्ही नख ठेवलं होतंत तीच जागा. पुस्तकं न वाचता, फक्त आकडा बघून.

त्या दिवशी सण नव्हता की एकादशी नव्हती, साधा रविवार होता. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी वाक्य जुळवत होतो. 'तुमचा प्रश्न बरोबर होता.' चार शब्द. पापनाशम्ला बस पाच मिनिटं थांबली. अत्तेचं घर तिथून दिसतं. मी उतरलो नाही. मुलगा अजून कुणाला पाहायलाही गेला नव्हता.

तुम्ही त्यानंतर एक्कावन्न दिवस होतात. मी रोज तुमचं रक्त घेतलं, रोज मोजलं, आणि रोज ते चार शब्द उद्यावर ठेवले.

त्यांतल्या शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ. तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं आहे, धाकटी ओल्या फडक्यानं पुसते आहे. तुम्ही तिचा हात बाजूला सारता आणि दोन्ही हात जोडता. कधी कुणाची क्षमा न मागितलेला माणूस. "पोरी, माझ्या रक्तानं तुझं घर बुडवलं. मला क्षमा कर." ती म्हणते, "असं काय बोलता अप्पा, गप्प पडा." मी दारात उभा आहे, हातात सुई आणि काच. तुम्ही माझ्याकडे बघता, मान हलवता, जणू आता मी जाणता आणि तुम्ही माझे विद्यार्थी. तेव्हाही दोन वाक्यांत सुटलं असतं. मी तुमचं बोट पुसलं आणि म्हणालो, "हलू नका."

तुम्ही गेलात ते आपण मुलांना विष दिलं अशा समजुतीत गेलात. अत्तेच्या मुलानं पुढच्या वर्षी मरुदानल्लूरची मुलगी केली. तीन मुलं आहेत, धडधाकट, आगाऊ. गेल्या पोंगलला आली होती. त्यांतल्या थोरल्यानं आपल्या धाकटीला विचारलं, "तुमचं लग्न का नाही झालं?" तिनं सांगितलं, "माझ्या रक्तात खोट आहे रे, माझ्या भावानं शोधून काढली. फार हुशार आहे तो." अगदी सरळ बोलली, टोमणा नव्हता. मी तपासून घेतलं तिच्या चेहऱ्यावर. ती अडतीस वर्षांची आहे, माझं जेवणखाण करते आणि साधा ताप आला तरी मला विचारते, "ते सुरू झालं का?" मी तिचं रक्त मोजतो आणि सांगतो, "अजून नाही."

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, ते ठीकच. पण ते जिच्या हाती पडायला हवं ती भिंतीपलीकडे तांदूळ निवडते आहे. मी हे बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरांत लिहिलं. तुम्ही ती मला छडी मारून शिकवलीत आणि मुलीला कशाला म्हणून तिला शिकवली नाहीत. तिला फक्त तमिळ वाचता येतं. मला बाळबोध लिहायला त्रास पडतो, अप्पा. एकेका पानाला तास लागला. तमिळमध्ये मी भराभर लिहितो.