डब्याचा अर्ज

आबा,

गगनबावड्याकडची ती बाई तुम्हाला आठवत असणारच. तिच्यामुळे तुम्ही मला आयुष्यभर पुरेल एवढं हसलात. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला, डोक्यात नुकतीच राज्यघटना शिरलेली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरच्या कोर्टाबाहेर तुमच्या टाइपरायटरशेजारी स्टुलावर बसून लोकांचे अर्ज लिहायला मदत करतेय. तिच्या नवऱ्याला चोरीच्या संशयावरून कुठल्याशा चौकीत कोंडलेलं, आणि कागदावर कुठंच नोंद नाही. "तीन दिस डबा घिऊन पायरीवर बसलतो," ती सांगतेय. "डबा आत घेत न्हाईत. तुजा मानूस हितं न्हाईच म्हंत्यात. मग आत खोकतोय कोन?" मी हे सगळं बाजूला सारलं आणि 'अवैध स्थानबद्धता', 'मूलभूत हक्कांची पायमल्ली' असं दणदणीत पान लिहून काढलं.

अर्ज वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा तुमचा नियम. 'वाचून दाखवले, मजकूर बरोबर आहे' ही ओळ बाकीचे आधीच टाइप करून ठेवायचे. तुम्ही खरंच वाचायचात. त्या दिवशी मी वाचलं, तेही ऐटीत. बाईनं पदर सावरून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "लई झ्याक हाय. कुणाचा म्हनायचा ह्यो अर्ज?" शेजारचे टायपिस्टसुद्धा खदखदले. तुम्ही डोळे पुसलेत आणि मग एकदम कडाडलात, "बाईला तिच्याच अर्जातनं हाकललीस की गं! डबा कुठं गेला? खोकला कुठं गेला? परत लिव्ह." माझे कान लाल. परत लिहिलं, डब्यासकट, खोकल्यासकट. ऐकताना ती मान डोलवत होती. "व्हय, आसंच झालं." मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्या खोकल्यावरच चौकीवाल्यांना धरलं म्हणे. आठवड्याभरात ती नवऱ्याला घेऊन आली, डोक्यावर हा एवढा फणस! तुम्ही हाताला तेल चोपडून तो तिथंच कट्ट्यावर फोडलात आणि पहिला गरा मला दिलात. तेवढा आनंद मला पुढं कुठल्याच पदवीनं दिला नाही.

मी कोल्हापुरातच काळा कोट घालावा अशी तुमची इच्छा होती. मी निघाले भलतीकडं. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी, यादवी संपलेल्या एका देशात सत्यशोधन आयोगाच्या कामावर रुजू झाले. ज्यांची माणसं नाहीशी झाली त्यांच्या जबान्या नोंदवायच्या. मी हट्टच धरला, की प्रत्येक जबानी त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची. सहकारी वैतागले, काम रेंगाळलं. मग एका म्हातारीनं दुभाष्याला मध्येच थांबवलं. मुलाला नेलं तेव्हा तो नुसता 'घरी' नव्हता, शेजारणीची पळालेली कोंबडी पकडून देत होता, तेवढं घाला म्हणाली. घातलं. परत ऐकलं आणि आबा, ती चक्क हसली! त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच गुणगुणत फिरत होते.

ती पद्धत गाजली. पुस्तकात आली, विद्यार्थी आता ती परीक्षेत माझ्या नावानं लिहितात. एका मोठ्या परिषदेत कुणीतरी विचारलं, "हे तुम्हाला कुठं सुचलं?" व्यासपीठावर सगळे बड्या विद्यापीठांतले. माझे वडील कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करायचे, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "तौलनिक अभ्यासातून." टाळ्या पडल्या, आबा, आणि मी त्या ठेवून घेतल्या.