भामाबाईंवर माशी बसू न दिल्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल,
काळकडा सागरी राष्ट्रीय उद्यान.

अर्जदार : काशीराम जोमा घरत, रा. करंजाडे, ता. पनवेल.

विषय : अर्जदारावरील प्रवेशबंदी एका दिवसापुरती उठवण्याबाबत.
संदर्भ : निर्गुडीची फांदी तोडल्याबद्दल आपण पाठवलेली प्रवेशबंदीची व खुलासा मागणारी नोटीस.

महोदय,

अर्जदार हे माझे सासरे. बोलायला लागले की त्यांना रडू येते, म्हणून त्यांच्या वतीने मी लिहीत आहे. फांदी त्यांनीच तोडली, हे त्यांना पूर्णपणे मान्य आहे.

गेल्या माघात अर्जदार व त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या सासूबाई भामाबाई, आपल्या उद्यानातील कड्याच्या वाटेने समुद्र बघायला निघाले. उभ्या जन्मात दोघांनीच मिळून केलेला हा पहिला प्रवास. वाट खडकाळ, चढ छातीवर येणारा, आणि माशांनी नुसता उच्छाद मांडलेला. सासूबाई पदराने माशा हाकलत, "तुमी मला फिरवायला आनलाय का माश्यांना जेवन घालायला?" असे म्हणून अर्जदारास छळत चालल्या होत्या. कड्यावर पोचताच त्यांना दरदरून घाम फुटला व त्या खडकाला टेकून बसल्या. अर्जदार पाणी पाजत असताना सासूबाईंच्या ओठावर माशी बसली. ती सासूबाईंनी हाकलली नाही. काय झाले ते अर्जदारास तेव्हा कळले.

आमच्यात मयताला एकटे सोडत नाहीत आणि त्यावर माशी बसू देत नाहीत. आपले कर्मचारी येईपर्यंत ऊन कलले. तोवर अर्जदार फांदीने वारा घालत राहिले. कर्मचाऱ्यांनी आधी फांदीचा पंचनामा केला, मग सासूबाईंना उचलले. कायद्यापुढे आम्ही कोण बोलणार? पण राग आला, तो लिहिते.

आता वर्षश्राद्ध तोंडावर आले आहे. अर्जदारास त्या खडकापाशी एकदा बसायचे आहे. ते पानालाही हात लावणार नाहीत. पंखा घरून नेतील. आपल्या हद्दीतील माशांनाही संरक्षण असल्यास त्यांना इजा न करता फक्त उडवतील, तशी लेखी हमी देण्यास ते तयार आहेत. हवी तर झडती घ्यावी, सोबत वनरक्षक द्यावा, पण नाही म्हणू नये.

व्यक्ती मयत झाल्यावर फांदी तोडण्याची गरज काय होती, असा खुलासा आपण मागितला आहे. हा प्रश्न मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "लिव, तिचा हात थांबला व्हता."

परवानगीच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही) काशीराम जोमा घरत

लिहिणार : दिपिका हरेश घरत (सून)
दि. १२ जानेवारी २०२५

सोबत : मृत्यू दाखल्याची प्रत, नोटिशीची प्रत.