रविवारचे मंगोडे

कांचघर, जबलपूर

तीर्थस्वरूप शरयूताई यांस,

भाऊरावाचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे मी ठणठणीत आहे, असं डॉक्टर सोडून सगळे म्हणतात. विनता गेल्यापासून तुम्ही दर आठवड्याला फोन करून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची विचारपूस करता, पण फोनवर माझी गाडी "हो, जेवलो" याच्या पुढे जात नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या सोमवारी रक्त तपासायला गेलो. उपाशीपोटी या म्हणाले होते. (मी वाटीभर चिवडा खाऊन गेलो. तो गोड नसतो.) तिथल्या बाईंनी नळी यंत्रात फिरवली, तर वर पिवळसर पाणी दिसायचं तिथे ताकासारखं पांढरं आलं. "अंकल, सच बताइए, क्या खाके आए हैं?" दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी गेलो, तरी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चारशे ऐंशी (दीडशेच्या आत हवी), आणि चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल नावापुरतं. मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं की अकरा वर्षांत साखरेचा कण तोंडात घातलेला नाही. मग काय खाता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी अभिमानानं यादी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अंकल, आपने मीठा छोड़ा और बाकी सब पकड़ लिया." डायबिटीसवाल्यांच्या रक्तात साखरेबरोबर चरबीही बिघडते आणि ती हृदयाला भोवते, हे त्यांनी मला अर्धा तास समजावलं. खमरियाच्या फॅक्टरीत मी तीस वर्षं तोफगोळे तपासले, केसाएवढी चीर सुटू दिली नाही. घरात मात्र आंधळा निघालो.

ताई, आमची एक शर्यत होती, ती तुम्हाला ठाऊक नसेल. दर रविवारी सकाळी दोघांनी मीटरवर साखर मोजायची. ज्याची जास्त, त्यानं कोपऱ्यावरून गरम मंगोडे आणायचे. (मूगडाळीची भजी, म्हणजे पथ्याचीच, असा आमचा हिशोब. तेल आम्ही धरतच नव्हतो.) जवळजवळ नेहमी विनताच जिंकायची, आणि जिंकणाऱ्याला चार मंगोडे जास्त असत.

त्या रविवारीही तीच जिंकली. दुपारी पाठ दुखते म्हणाली, घाम फुटला. मी मीटर काढलं. एकशे अठरा. म्हटलं, उत्तम आहे, पडून राहा. संध्याकाळी ती नव्हती.

परवा तिची फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर चरबीचे आकडे होते, माझ्यापेक्षाही वाईट. साखर पहिल्या पानावर असायची, म्हणून दुसरं आम्ही कधी उलटलंच नाही. मला तिची फार आठवण येते.

प्रकृतीला जपा. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
भाऊराव

ता. क. : मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की साखर नॉर्मल आली, म्हणून चरबीची गोळी बंद केली. एवढ्याचसाठी हे सगळं लिहिलं. उद्याच डॉक्टरांकडे जा, तपासणी करा आणि रिपोर्टची सगळी पानं मला पाठवा. रागवा हवं तर, पण जा.

आणखी एक : दुसरं पान आम्ही उलटलंच नाही, असं वर लिहिलं, ते खोटं आहे. विनतानं उलटलं होतं. "काहून हो, हे आकडे एवढे ठळक काहून छापले?" असं विचारत तिनं ते माझ्यापुढे धरलं होतं. मी चष्मासुद्धा लावला नाही. म्हटलं, अगं, साखर तर तुझीच कमी आली ना.