बारावं कलम आणि काळा घेवडा

ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

एका गंभीर तक्रारीची नोंद घ्यावी. तू विणून पाठवलेल्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे. माझे दोन्ही हात जन्मापासून समान आहेत. लहानपणी न्हाऊ घालणारी तू, तेव्हा साक्षीदारही तूच. या बाहीवैषम्यामुळे कागद धरायला हात पुढे केला की आधी लोकर पोचते, मागाहून मी. तरी रोज तोच घालतो, कारण आमच्या भाषांतर-कक्षाची खिडकी नीट लागत नाही आणि ऊब मात्र दोन्ही बाह्यांत सारखी आहे.

तू विचारलंस की बियाण्यांच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही होऊन तीन वर्षं झाली, मग घोडं पेंड खातंय कुठे? ताई, परदेशी जाऊन केलेली सही म्हणजे नुसता होकार. मग करार आपल्या भाषेत यायचा (इथे मी पेंड खातो), समितीनं तो चघळायचा, मंत्रिमंडळानं गिळायचा, सभागृहानं पचवायचा. त्यानंतर मोहोर लावलेलं संमतिपत्र रवाना होतं, आणि ते पोचल्यावर नव्वद दिवसांनी आपला देश बांधील.

आता खरी गोष्ट. करारात बारावं कलम आहे: शेतात पिकलेलं बियाणं राखून ठेवण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क पिकवणाऱ्याचा. करारात शिरताना एखादं कलम वगळता येतं, आणि समिती नेमकं हेच वगळायला निघाली आहे. कारण सगळ्या जिल्ह्यांत प्रश्नपत्रिका पाठवली होती, आणि उत्तर आलं की असं आता कुणीच करत नाही. तुमच्या उत्पादक मंडळाचंही उत्तर ‘नाही’ आहे, खाली अध्यक्ष म्हणून तुझी ठसठशीत सही. आईचे ते बियाण्याचे डबे मला आठवतात. खरंच सगळं थांबलं का? अखेरची बैठक पंचवीस तारखेला आहे.

तुझा लोभ आहेच. तो वाढवताना माझे गुण तपासू नयेत.

तुझा
भाऊ

———

ता. १२ नोव्हेंबर

चि. शास्त्रीबुवांस अनेक आशीर्वाद.

बाही लांब असेल तर दुमडावी. एवढं संस्कृत शिकून हे सुचू नये?

ती प्रश्नपत्रिका मी डोळे उघडे ठेवून वाचली होती. तिच्यात विचारलं होतं की शेतात राखलेलं बियाणं तुम्ही इतरांना विकता का. नाही विकत! बियाणं कुणी विकतं का? आम्ही देतो. आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला परतही करत नाही. पीक आलं की तिसऱ्याच कुणाला द्यायचं, पिशवीवर आपल्या नावागावाची चिंधी टाचून. हे विचारलंच नाही, मग सांगणार कोण? ज्या शहाण्यानं तो प्रश्न लिहिला त्याला एकदा माझ्याकडे पाठव. घेवडा निवडायला बसवते.

सोबत काळ्या घेवड्याची पिशवी पाठवते आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी ती शेजारणीला दिली होती. गेल्या महिन्यात फिरत फिरत माझ्याच दारी आली, अंगावर अकरा चिंध्या घेऊन. पहिली माझी, बाकीच्या दहांतल्या सहा जणांची तोंडंसुद्धा मी पाहिलेली नाहीत. आता पुन्हा देणारी मीच, म्हणून बारावी माझी; ती टाचायची राहिली आहे. कापड आत ठेवलंय, तू लाव.

वेळेवर जेव. सुखी राहा.

ताई

———

ता. २६ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तो शहाणा मीच. प्रश्नाच्या मूळ मसुद्यात नुसतं ‘व्यवहार’ असं मोघम होतं. प्रश्न सुटसुटीत व्हावा म्हणून मी ‘विकणं’ केलं आणि स्वतःवरच खूश झालो. सुटसुटीतपणाच्या नादात अख्ख्या देशाची रीत सुटली.

काल बैठकीत उभा राहून हे कबूल केलं. माझं काही असो, लांब बाही मात्र भारदस्त दिसत होती. मग पिशवी टेबलावर ठेवली. आमच्या विधी-सल्लागारबाई, ज्यांना आम्ही पाठीमागे तुरटी म्हणतो, त्यांनी चष्मा पुसून चिंध्या मोठ्यानं वाचल्या: सुतारांची धाकटी, बहिरे काका, पुलापलीकडची सुईण, आणि पुढच्या सगळ्या. सातवी चिंधी त्यांच्या आजोळच्या गावची निघाली. ती त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, वीस वर्षांच्या नोकरीत चहा येण्याआधी चूक कबूल करणारा माणूस त्या पहिल्यांदाच बघताहेत. समितीच्या अध्यक्षांनी प्रश्न दुरुस्त करून सगळ्या जिल्ह्यांना पुन्हा पाठवायला सांगितलंय. चार दाणे घरंगळून गालिच्यावर गेले. तेव्हा शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे गुडघ्यांवर होते.

तुझे उपकार कोणत्या भाषेत मांडू? मला येतात त्या अपुऱ्या आहेत.

लोभ ठेव, निदान नव्या उत्तरापुरता.

भाऊ

———

ता. १८ डिसेंबर

चि. शास्त्रीबुवांस अनेक आशीर्वाद.

सांगणारी मी, लिहिणारी शेजारची मास्तरीणबाई. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. फळ्यावरच वाया जाऊ नये, म्हणून तिला बसवलंय.

नवी प्रश्नपत्रिका आली. मंडळाच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. जो तो आपली पिशवी घेऊन आलेला. बहिरे काकांनी तर तीन वेळा ‘हो’ लिहिलं आणि वर विचारलं, हे सांगायला सरकारला तीन वर्षं कशाला लागली? मी ओरडून सांगितलं, माझ्या भावाला विचारा.

चूक तुझी होती तशी कबुलीही तुझीच. आई असती तर आधी कान धरला असता आणि मग पाठीवरून हात फिरवला असता. दोन्ही माझ्याकडून समज.

ताई

———

ता. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल मोहोर लागली. सभागृहानं करार संमत केला, बाराव्या कलमासकट, काहीही न वगळता. संमतिपत्र माझ्यासमोर जाड पाकिटात गेलं. तुरटीबाईंनी लाख वितळवताना विचारलं, तुमच्या ताईंना काय कळवणार? मी म्हटलं, आभार. त्या म्हणाल्या, तेवढ्यानं भागणार नाही, माझेही घाला. तेव्हा दोघांचे घे. बाईंनी घेवडा पिशवीसकट मागून नेलाय; पिशवी आता पुढे निघाली आहे.

त्याआधी बारावी चिंधी मी टाचली. टाका इतका वाकडा आला की तुझाच धाकटा भाऊ शोभतो.

लोभाबद्दल नव्यानं विनंती करत नाही. त्यात कुठलंही कलम वगळू नकोस म्हणजे झालं.

भाऊ

ता. क. एवढं सगळं लिहिलं ते खालचं टाळण्यासाठी. तुझ्या हातून बाही कधी चुकली नव्हती. चिंधी टाचायला तू मला कधी दिली नसतीस. आणि डिसेंबरपासून तुझं प्रत्येक पत्र मास्तरीणबाईंच्या अक्षरात आलं. ताई, तुझा हात थरथरतो का? देशानं बियाणं राखायचा हक्क दिला, पण चांगला दाणा बोटांनी ओळखणारी मला एकच माणूस माहीत आहे. शनिवारी येतोय. घेवडा निवडायला बसव. मला फार भीती वाटते आहे.