करवतीतली तिर्री

झीलंड, मिशिगन
९ ऑक्टोबर

प्रिय वेंडेल,

पत्र बघून दचकू नकोस, पप्पा ठणठणीत आहेत. एक्क्याण्णवाव्या वर्षी राहता येतं तेवढे ठणठणीत. परवाच वाटाण्याच्या सूपमध्ये मीठ नाही म्हणून वृद्धाश्रमातल्या नर्सबाईंशी भांडले. हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं. दोन वाक्यं झाली की तू "बरं एव्ही, तिकडे थंडी पडली का?" म्हणून गाडी हवेवर नेतोस. चव्वेचाळीस वर्षं आपण हवेवरच बोलतोय. म्हणून लिहायला बसले. पाकिटात चिठ्ठीएवढी आणखी एक पुडी आहे, ती सगळं वाचून झाल्यावर उघड. एवढं माझं ऐक.

आता बसून घे. मी गॅरेजमध्ये पप्पांच्या करवतीवर कपाट करते आहे. हो, मीच, शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीचे कागद लावले ती. झालं असं की तिथल्या खोलीत पप्पांना दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं एक कपाट मिळालंय. त्यातल्या फळ्या चार खुंट्यांवर नुसत्या टेकवलेल्या. पप्पांनी बायबल ठेवलं की फळी डुगडुगते, आणि ती डुगडुगली की त्यांचा जीव खालीवर होतो. "खुंटीवर टेकलेली फळी म्हणजे पाहुण्यासारखी, केव्हा उठून जाईल नेम नाही," म्हणतात. "फळी खाचेत बसली पाहिजे. एव्ही, तू कर." मी म्हटलं, पप्पा, मी जन्मात एक खाच पाडलेली नाही. तर म्हणाले, "पाहिलीस ना पाडताना? मग झालं." ख्रिसमसच्या आत हवंय त्यांना. त्याच्या पुढच्या ख्रिसमसबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. म्हणजे हातात अडीच महिने, आणि करवत चालू करायचीसुद्धा मला भीती.

खाच पाडायच्या पात्यांचा त्यांचा जुना डबा मी न उघडताच धार लावणाऱ्या हार्लनकडे नेला. त्याने झाकण उचललं, वरच्याच पात्यावरून बोट फिरवलं आणि झाकण लावून टाकलं. म्हणाला, "दोन दात उडालेत. उरलेले कधी उडतील आणि कुणाच्या डोळ्यात जातील सांगता येत नाही. नवीन घ्या बाई." मग त्याने दोन प्रकार काउंटरवर मांडले. एक होतं डुलत फिरणारं एकच पातं, मुद्दाम तिरकं बसवायचं, म्हणजे डुलत डुलत रुंद खाच पाडतं. स्वस्त होतं, माझा हात लगेच तिकडे गेला. हार्लन म्हणाला, "घ्या, पण खाचेचा तळ चमच्यासारखा येईल. तुमच्या वडिलांना दाखवायचंय ना? मग मला सोबत नेऊ नका." दुसरा होता थराथरांचा संच. बाहेरून दोन गोल पाती, आणि मध्ये हवी तेवढी लहान पाती भरायची. पाव इंच, अर्धा इंच, जेवढी जाड फळी तेवढी थप्पी. आठ इंची आणि सहा इंची असे दोन आकार होते. मी मोठा उचलला तर हसला. "त्या म्हाताऱ्या मोटरला आठ इंची लावलात तर तिला धाप लागेल. तुम्हाला काय खंदक खणायचाय? सहा इंची पुरे." सहा इंची घेतला. थर किंचित जाड करायला पातळ चकत्या लागतात, त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतील म्हणाला. आपण डच माणसं, 'वेगळ्या विकत' म्हटलं की हात खिशातच अडकतो. मी म्हटलं, बघू घरी काहीतरी.

घरी येऊन प्लग काढला. काढलाय ना ते दोनदा बघितलं. मग तू करायचास तसंच केलं. बाहेरचं पातं, मग मधली एकेक, प्रत्येकाचे दात शेजारच्याच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत येतील अशी फिरवून, शेवटी दुसरं बाहेरचं पातं. नट सगळ्या आट्यांवर पुरता बसलाय ना ते पाहिलं. रुंद फटीची पट्टी करवतीच्या टेबलावर लावली, टाकाऊ ओकचा तुकडा घेतला, प्रार्थना म्हटली आणि बटण दाबलं. वेंडेल, तो आवाज! साध्या पात्यासारखा किंचाळत नाही तो. खोल, जाड, छातीत घुमणारा, चर्चमधल्या ऑर्गनच्या सगळ्यात खालच्या सुरासारखा. तुकडा ठोकळ्याने पुढे ढकलला आणि पलीकडे उचलून बघते तर एका फेरीत खाच तयार. तळ सपाट, भिंती सरळ, कोपरे असे की नख अडकावं. मी करवत बंद केली आणि तो तुकडा हातात घेऊन उभीच राहिले. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने लाकडाच्या तुकड्याकडे बघून डोळ्यात पाणी आणावं का? आणलं बाबा. तू सतराव्या वर्षी या खाचांकडे असा का बघत बसायचास ते मला त्या दिवशी कळलं.

पण खाच सुंदर असली तरी फळी आत जाईना. लाकडाच्या गिरणीतून रंधा मारून आणलेला ओक केसभर जाड होता. मधे आणखी एक पातं भरलं तर फळी खुळखुळायला लागली. कागद घातला, पुरला नाही. खोक्याचा पुठ्ठा घातला, फार झाला. आणि मग मला जे आठवायला नको होतं ते आठवलंच. तुलाही आत्ता आठवलं असणार.

तो शनिवार. चर्चच्या स्तोत्रांच्या पुस्तकांचं कपाट रविवारी सकाळी जागेवर हवं होतं, आणि रविवारी हत्याराला हात लावणं आपल्या घरात शक्यच नव्हतं. पप्पा चर्चच्या कारभारी मंडळातले, म्हणून लोकांच्या घरभेटींना गेलेले. शेवटच्या फळीची खाच तू पाडत होतास आणि फळी अशीच केसभर अडली. तू मला म्हणालास, "एव्ही, कागदाहून जाड आणि पुठ्ठ्याहून पातळ काय असतं गं?" मी चौदा वर्षांची, शहाणी. माझ्या पलंगाखाली पेपरमिंटचा डबा होता आणि त्यात पत्त्यांचा जोड. पत्ते! आपल्या घरात सैतान परवडला असता. शाळेच्या बसमध्ये लुथरनांच्या पोरींनी मला यूकर शिकवला होता. त्या खेळात नव्वीच्या खालची पानं लागत नाहीत, म्हणून मी उदार मनाने चौकटची तिर्री आणून दिली. तू पोटभर हसलास. कात्रीने तिची गोल चकती केलीस, मधे भोक पाडलंस, पात्यांच्या मधे सरकवलीस. आणि ती फळी! तळहाताने दाबलीस तशी हवेचा बारीक उसासा टाकत आत गेली आणि तिथेच राहिली, जणू झाडातच तशी वाढली होती. उद्या सगळं चर्च देवाची गाणी या पत्त्याच्या जिवावर गाणार, असं तू म्हणालास.

सोमवारी पप्पांनी थप्पी सोडवली. रात्री जेवणानंतर बायबलचा अध्याय वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तकाशेजारी ती चकती ठेवली आणि विचारलं, "हे कुणाचं?" माझ्या तोंडात बटाट्याचा घास होता. तो खाली जायच्या आत तू म्हणालास, "माझं." पप्पा म्हणाले, "मला खरं सांगेपर्यंत माझ्या करवतीला हात लावायचा नाही." आणि दारामागच्या खिळ्यावरची तुझी स्विचची किल्ली त्या रात्रीच काढून घेतली. तू सांगितलं नाहीस. जूनमध्ये शाळा संपली आणि तू ओरेगॉनला धान्याचे ट्रक चालवायला गेलास. आईच्या अंत्यविधीला आलास तेव्हाही मोटेलवर उतरलास. आणि तो घास, वेंडेल, माझ्या घशात अजून आहे. तुझ्या त्या दोन अक्षरांच्या मागे मी लपले आणि लपूनच राहिले. पहिल्यांदा भीती होती, मग लाज, मग नुसती सवय.

तर परवा, चकती शोधायला म्हणून मी पप्पांचा तो जुना डबा पूर्ण उघडला. पाती काढली. तळाशी मेणकागदाची घडी होती. ती उलगडली आणि मी गॅरेजच्या फरशीवर बसलेच. चौकटची तिर्री. तीच. कडा तेलाने काळ्या झालेल्या, मधलं भोक वापरून वापरून गुळगुळीत, आणि दोन्ही बाजूंनी लाखेचं पॉलिश दिलेलं, फाटू नये म्हणून! कुणी एकदा वापरून ठेवलेली वस्तू अशी होत नाही. आपल्या पप्पांनी, ज्यांनी माझ्या वाढदिवसाला ल्युडोचे फासे घरात येऊ दिले नाहीत त्यांनी, तिच्यावर पॉलिश चढवलं होतं. हॉफमनबाईंचं स्वयंपाकघर, शाळेतली पुस्तकांची कपाटं, आईचं फडताळ, या गावात त्यांनी बसवलेल्या किती फळ्यांच्या खाचांत ती फिरली असेल, मला मोजवेना. मग ती थप्पीत घातली, खाच पाडली, फळी दाबली. तोच उसासा.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन पप्पांकडे गेले. काही न बोलता त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "सापडली का? मला वाटलं, मी गेल्यावर सापडेल." मी म्हटलं, पप्पा, ही माझी होती. चव्वेचाळीस वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते एका श्वासात निघालं. ते म्हणाले, "माहीत आहे मला. पेपरमिंटचा वास येत होता तिला. वेंडेल पेपरमिंट तोंडात धरायचा का कधी? प्रवचनात मी दिलेली गोळी तो तुलाच द्यायचा." मी म्हटलं, मग मला का नाही विचारलंत? पप्पा म्हणाले, "तुला विचारलं असतं तर तो सगळ्यांसमोर खोटा पडला असता. बहिणीसाठी उभा राहिलेला पोरगा. मला वाटलं, रात्रीतून येईल, एकटा सांगेल, मी किल्ली देईन. आज येईल, उद्या येईल. तो माझ्यासारखाच निघाला हट्टी, आणि मी त्याच्यासारखा." नर्सबाई औषध देऊन गेल्या. आणि मग पप्पा म्हणाले, "ती चर्चमधली फळी मी रविवारी गाणं चालू असताना हाताने चाचपत होतो. साऱ्या आयुष्यात माझ्याकडून तशी एक बसली नाही. तिर्री घालूनही नाही. त्याचा हात माझ्याहून बरा होता. मी त्याला हे सांगायला हवं होतं, एव्ही."

तेच सांगायला हे पत्र लिहिलं. माझ्या तोंडून ते तुला पुरणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही. पप्पांनी मला सांगितलंय की खालच्या फळीच्या दोन खाचा पाडायच्या नाहीत, तशाच ठेवायच्या. कपाट गॅरेजमध्ये तिरकं उभं आहे, खालून उघडं. मी म्हटलं, पप्पा, पत्ते आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, दुसरा आणते. तर म्हणाले, "दुसरा चालणार नाही." आणि उशीखालून करवतीच्या स्विचची तुझी ती किल्ली काढून माझ्याकडे दिली. ती मी गॅरेजच्या दारामागे, तुझ्या जुन्या खिळ्याला अडकवली आहे. आता ती पुडी उघड. हिच्याशिवाय फळी बसायची नाही, तेव्हा पोस्टाने परत पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

तुझीच,
एव्ही