घोडीचं बुबुळ आणि सोळा टाके

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून कागदावरच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं घोरणं वाढलंय की तुझे कान गेलेत? आम्ही सगळे ठणठणीत.

पत्रास कारण की, गेली पंचवीस वर्षं तू चारचौघांत सांगतेस, "आमचा भाऊही डॉक्टर आहे, म्हणजे तसा जनावरांचा." त्यातलं ते 'म्हणजे तसा' आता बंद कर. दीड-दोन महिन्यांपूर्वी मी एका घोडीच्या डोळ्यात नवा कॉर्निया बसवला. तू माणसांच्या डोळ्यांची डॉक्टर; तुझा पेशंट स्वतःच्या पायांनी येतो, हनुवटी टेकवतो आणि 'वर बघा' म्हटलं की वर बघतो. माझी पेशंट पावणेपाचशे किलोची, उजव्या बुबुळात पू झालेला, आणि 'वर बघा' म्हटलं की लाथ घालते.

भूल चढल्यावर चारही पाय बांधून क्रेनने तिला टेबलावर न्यायचं होतं. क्रेन मध्येच अडकली. घोडी हवेत उलटी, जीभ बाहेर. वायरमनला बोलावलं, तर तो वर बघून म्हणतो कसा, "आधी हिला खाली घ्या, मग बघू." (खाली घेता आलं असतं तर तुला काय पाहुणचाराला बोलावलं असतं, शहाण्या?) शेवटी सहा जणांनी हाताने साखळी ओढून तिला टेबलावर आणलं.

घोडी जिची, त्या बाई घोडेस्वारी शिकवतात. नवरा सोडून गेला तेव्हा या घोडीनेच सांभाळलं म्हणाल्या, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी त्यांना आत उभं राहायला नको म्हणणं जिवावर आलं. मी बुबुळातली सडलेली चकती, जेमतेम आठ मिलिमीटरची, गोल कापून उचलली आणि बाई धाडकन आडव्या. भूल देणारा डॉक्टर एका हाताने घोडीच्या श्वासाची पिशवी दाबतोय, दुसऱ्याने बाईंची नाडी बघतोय आणि मला विचारतोय, "आधी कोणाला वाचवू?"

खरी गंमत पुढेच. मेलेल्या घोड्याच्या डोळ्यातून काढून ठेवलेली नवी चकती बशीत नव्हती! इकडे डोळ्याला उघडं भोक. एवढ्यात घोडीला जाग आली असती तर डोळा गेलाच होता. सिस्टर ओरडल्या, "कुणी हलू नका, पायाखाली येईल!" आम्ही सगळे पुतळे. घाम माझ्या भुवईवर येऊन थांबला, तोही हलेना. दोन मिनिटांनी सिस्टरांनीच बशीचं झाकण उलटं करून पाहिलं, तर चकतीबाईसाहेब आतून झाकणाला चिकटलेल्या! मग मी केसाहून बारीक दोऱ्याने सोळा टाके घातले. सोळा, ताई! असे एकसारखे की शिंप्यालाही लाज वाटावी.

उठताना घोडी दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली. भिंतींना गाद्या लावल्या होत्या म्हणून निभावलं. मग सहा आठवडे पापणीतून ओवलेल्या नळीने, दिवसातून आठ वेळा औषध. बुबुळ काचेसारखं स्वच्छ नाही झालं, घोड्यांचं होतही नाही. त्यामुळे दिसतं की नाही, काही कळेना. काल मी उजवीकडून आवाज न करता जवळ गेलो. तिने कान मागे पाडले, मान वळवली आणि दंडाला कडकडून चावली. "चावली! चावली!" म्हणून मी नाचलो. बाई माझ्या (न चावलेल्या) खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. नेमक्या त्याच क्षणी तुझी भावजय डबा घेऊन आली. तो विषय वेगळा.

तुझा,
धाकटा

ता. क. : सोळा टाके म्हटलं खरं, पण माझे अकराच. बाराव्याला एका दोऱ्याचे दोन दिसायला लागले. उरलेले पाच माझ्या ज्युनिअर बाईंनी घातले, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त चांगले आहेत.

ता. क. २ : इथल्या डॉक्टरने तपासलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तू हजारोंचे काढलेस, माझाही काढ. दुसऱ्या कोणाच्या हाती मी डोळा द्यायचा नाही. आईला कळवू नकोस.

ता. क. ३ : फोन करून 'कधी येतोस' असं विचारू नकोस. विचारलंस तर मी नाहीच म्हणणार. तारीख ठरव आणि भाऊजींना गाडी घेऊन पाठव. ते धिप्पाड आहेत.